मूठभर मिरची

माघ सरत आला होता आणि नंदुरबारच्या शिवेवर भूमी लाल झाली होती. लाल म्हणजे किती लाल! कुंकू म्हणावं तर कुंकू चिमूटभर असतं. इथे दृष्टी पोहोचेल तिथवर आरक्त, अग्निवर्ण, उन्हाने चेतलेली मिरची अंथरलेली. दव उतरे, दव सुके. सूर्य चढे, लाल आणखी लाल होई. त्या लालीवरून वारा नुसता फिरला तरी रस्त्याने जाणारा सायकलवाला खोकत खोकत खाली उतरे.

या विस्तीर्ण, तिखटगंधी अंगणाला तिथली माणसं पथारी म्हणतात. ओली मिरची येते, पसरते, उलटते, पालटते, वाळते, खुळखुळते. ओळीने बसलेल्या बाया तिचे देठ खुडतात. बोटं जळतात, ओठ जळतात, पदराखालचं कपाळ जळतं. घरी गेल्यावर हात आधी राखेने घासायचे, मग ताकात बुडवायचे. आणि तोवर डोळ्याला हात लावायचा नाही, ना आपल्या, ना लेकराच्या. लेकरू रडलं तर ते रडून रडून आपोआप गप्प व्हायची वाट पाहायची. हा तिथला पहिला नियम, आणि तो कुणाला शिकवावा लागत नाही.

त्या बायांत छाया होती. चौतीस वर्षांची, उंच, सावळी, ताठ मानेची. रक्तवर्णी ढिगाच्या ऐन तोंडाशी, जिथे धूळ सर्वांत दाट, तिथे तिची जागा. कारण छायाला ठसका लागत नसे. नवी आलेली बाई पहिल्या दिवशी खोकून खोकून अर्धमेली झाली की मुकादम म्हणे, "त्या छायाबाईकडं बघा. बारा वर्षं झाली, एकदा हूं केलं नाही." मग पथारीतली थोरली सखूबाई डोळे मिचकावून म्हणे, "अहो, दृष्ट काढताना मिरची जळली आणि ठसका आला नाही तर आपण काय म्हणतो? लई मोठी दृष्ट होती म्हणतो. मग हिला तर जन्माची लागली असंल वं!"

बाया खो खो हसत. छायाही हसे, ओठ मिटून. फार शहाण्या सगळ्या! हसल्या आणि पुन्हा देठ खुडायला लागल्या. एकीनेही विचारलं नाही, की बये, हा असा श्वास कोंडायला तू शिकलीस कुठे?

ऐका, कुठे शिकली ते.

सत्तावीस वर्षांपूर्वी, तापीकाठच्या एका गावात, शेणाने सारवलेली एक खोली होती आणि त्या खोलीत केवळबाई होती. तरुण, देखणी, ज्वालामुखी. नवरा सुरतेच्या मिलमध्ये, सहा सहा महिने पत्ता नाही. दिवसभर लोकांच्या शेतात कंबर मोडायची, आणि संध्याकाळी घरात एक सात वर्षांची पोर, भुकेली, बडबडी, आईच्या पायात पायात करणारी. ती पोर म्हणजे छाया.

केवळबाईची माया नव्हती असं म्हणणाऱ्याची जीभ झडेल. जीव टाकायची पोरीवर. पोर जरा मलूल दिसली की मीठ, मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या घ्यायची, डोक्यापासून पायापर्यंत सात वेळा उतरवायची. आल्याची जळो, गेल्याची जळो, माझ्या सोन्याला बघणाऱ्याची जळो! मग ती मूठ निखाऱ्यांवर. मिरच्या तडतडत, काळवंडत, खोलीभर धूर होई. आई पोरीला पोटाशी धरून हसत हसत ठसकत असे.

आणि पोरीने दूध सांडलं, खोटं बोललं, उलट उत्तर दिलं, की त्याच निखाऱ्यांवर त्याच मिरच्या पडत. तीच चूल. तीच मूठ. फक्त दुसरा हात आता पोरीच्या मानेवर असे, आणि मान धुरावर वाकवलेली असे. डोळ्यांत सुया, नाकात सुया, घशात जळता काटा. आणि वरून आईचा आवाज, "रड थांबव. मगच सोडीन." ज्या धुराने रडू येतं त्याच धुरात रडू थांबवायचं! हा कुठला न्याय?

पोर उंबऱ्यात उभी राही. आई कोनाड्यातल्या डब्यात हात घाली, मूठ मिटे, आई वळे, आई चालत येई. पोर त्या मिटलेल्या मुठीकडे पाही. आता ही दृष्ट काढणार की धुरी देणार? आता पोटाशी धरणार की चुलीशी? मूठ उघडेपर्यंत कळत नसे. कधी कधी मूठ उघडल्यावरही कळत नसे, कारण धुरी दिली त्याच रात्री केवळबाई हुंदके देत लेकीची दृष्ट काढी. माया आणि मार यांना त्या घरात एकच वास होता.

मग पोरीने विद्या शोधली. जीभ टाळूला लावायची, घट्ट. श्वास पोटात नेऊन बंद करायचा. डोळे समोरच्या भिंतीवर लावायचे. भिंतीवर खिळा होता, खिळ्याला पिठाची चाळणी. तिची भोकं मोजायची. एक, दोन, तीन. धूर दुसऱ्या कुणाला लागतो आहे असं मानायचं. एकोणीस भोकांना आईचा हात सैल पडे. पोर हलत नसे, रडत नसे, ठसकत नसे. गाव म्हणालं, केवळबाईने पोरीला काय वळण लावलं हो!

ते वळण हाडात गेलं. सासरी सासू ओरडली, छायाची जीभ टाळूला. बाळंतपणात नर्सबाई विनवत होती, "अहो, ओरडा, मोकळ्या व्हा." छाया दिव्याच्या जाळीकडे पाहत मोजत होती. नवरा भटू टेम्पो चालवतो, भला माणूस. तोही एकदा वैतागून म्हणाला, "तुझ्याशी भांडायला बसलं तर भिंतीशी भांडल्यागत होतं. रड तरी एकदा!" छाया म्हणाली, "माझा स्वभावच तसा." चाळणी ती विसरली होती. खिळाही विसरली होती. तिला वाटे आपण जन्मतःच अशा, खंबीर. आणि हो, तिला त्याचा गर्व होता. लेक तेजल पडली, गुडघा फुटला, की ती म्हणे, "रडायचं नाही. माझी पोर आहेस ना?"

तेजल सात वर्षांची झाली होती.

तो रविवार होता. शाळा बंद, म्हणून पोर पथारीवर आली होती, अंगात लाल फ्रॉक. सकाळ सोनेरी, दुपार पांढरी, माथ्यावर सूर्य नुसता ओरडत होता. आणि त्या पांढऱ्या दुपारी ढिगाच्या पलीकडून कुणीतरी किंचाळलं, "पोर! ओ माय, ट्रॉलीखाली पोर!"

मागे येणाऱ्या ट्रॉलीचं चाक काहीतरी लाल चिरडून थांबलं होतं. बाया उठल्या, उधळल्या. छाया सर्वांच्या पुढे. चाकाखालून लाल वाहत होतं, लाल ठिबकत होतं, लालातून एक लाल टोक बाहेर आलेलं. छायाने दोन्ही हात कोपरापर्यंत आत खुपसले आणि ती उकरू लागली. नखं मोडली, हातात चिंधी आली. ती ओढली.

पोतं होतं. फाटलेलं, लाल, मिरचीने भरलेलं पोतं.

"अरे देवा, पोतं वं!" सखूबाई मटकन खाली बसली. बाया रडता रडता हसल्या. छाया मात्र उभी राहिली आणि चौफेर पाहू लागली. पोतं होतं, तर मग तेजल कुठे आहे?

तेजल! विहिरीशी नाही. तेजल! रस्त्यावर नाही. तेजल! वजनकाट्याच्या खोलीत नाही, बाभळीखाली नाही, पाण्याच्या टाकीमागे नाही. दोन तास ती लालीभर धावली. हाक आधी हाक होती, मग आर्जव झाली, मग शिवी झाली. चार वाजता गोदामात, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीमागे, एका बोळकांडीत दोन उघडे डोळे दिसले.

"हाक ऐकू येत नव्हती?"

"येत होती."

"मग ओ का दिली नाहीस?"

तेजलने तोंड मिटलं. फ्रॉकच्या खिशातून छायाचा मोबाइल खाली घसरला, काचेच्या चिरफळ्या झालेला. सकाळी खेळताना दगडावर पडला होता. एवढंच घडलं होतं. तेवढ्यासाठी पोर सबंध दुपार अंधारात बसली होती, आईच्या हाका ऐकत, प्रत्येक हाकेला आणखी आत सरकत.

राग मोबाइलचा नव्हता. भीती उलटली की तिचा राग होतो, आणि ही भीती मुळापासून उलटली होती. मघाशी मेलेल्या लेकीसाठी ज्या हातांनी उकरलं, त्याच हातांना जिवंत लेक सापडल्यावर तिला ठार मारावंसं वाटलं. खोटं कशाला बोला? वाटलं. छायाने तिला बखोटीला धरून बाहेर ओढलं. "बोल! बोल म्हणते ना!" एक चापट. पोर गप्प. दुसरी चापट. पोर गप्प. ते मिटलेले ओठ, तो आवळलेला जबडा पाहून छायाच्या डोक्यात घण पडू लागले. मार खाऊनही न रडणाऱ्या पोरीचा इतका संताप का यावा, हे तिला कळत नव्हतं. जाता जाता तिने ढिगात हात घातला आणि मूठ भरून घेतली.

सखूबाई मागून ओरडली, "छाया, जाऊ दे वं! सापडली ना पोर!" छायाला ते ऐकूच गेलं नाही.

घर रस्त्यापलीकडेच. दोन खोल्या, पत्रे, दारात तुळस. अंगणात बाजेवर केवळबाई बसलेली, आता पिकलेली, वाळलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. पाच वर्षांपासून ती लेकीकडेच होती आणि नातीवर जीव ओवाळत होती. चुलीत तिच्या चहाचे निखारे अजून फुललेले होते.

"सापडली का वं पोर?" तिने आवाजाच्या दिशेने विचारलं.

"सापडली. आता धुरी देते तिला."

"धुरी?" म्हातारी बाजेवरून अर्धी उठली. "अगं, लेकराला धुरी देतात का? कुणी शिकवलं तुला हे?"

छाया थांबली. तिच्या तोंडातून जे आलं ते चौतीस वर्षांच्या बाईचं नव्हतं, सात वर्षांच्या पोरीचं होतं. "तू! तू द्यायचीस मला!"

"मी?" केवळबाईच्या चेहऱ्यावर निर्मळ आश्चर्य होतं. "देवाशपथ नाही वं माय. मी तर तुझी दृष्ट काढायची. रोज काढायची. देखणी होतीस ना तू."

म्हातारी खोटं बोलत नव्हती. त्या निखाऱ्यांतलं तिने तेवढंच वेचून ठेवलं होतं. आणि त्या निर्मळपणानेच घात केला. सत्तावीस वर्षं ज्या आगीला नाव नव्हतं ती आग भडकली. ती जायला हवी होती आईकडे. पण आई म्हातारी, आंधळी, बाजेवरची. हाताशी होती ती लेकीची मान.

तिने पोरीला आत चुलीपाशी ओढलं. मान वाकली. मूठ सैल झाली. मिरच्या पडल्या, तडतडल्या, काळ्या पडल्या. धूर उठला, जाडजूड, निळसर, विखारी. खोलीच्या भिंती दिसेनाशा झाल्या. पत्र्यावरची चिमणी भर्रकन उडाली.

"रड थांबव," छाया ओरडली, "मगच—"

आणि ती जागच्या जागी थिजली. आवाज तिचा नव्हता. शब्दही तिचे नव्हते. आणि पोर तर रडतच नव्हती.

पोर रडत नव्हती. हातापाय झाडत नव्हती. ठसकत नव्हती. तळहाताखाली तेजलची मान होती, चिमुकली, गरम, आणि त्या मानेत श्वासाची ये-जा नव्हती. छायाने वाकून पाहिलं. ओठ मिटलेले, गाल आत ओढलेले, जीभ टाळूलाच असणार. धुरातून दोन लालबुंद डोळे भिंतीकडे पाहत होते. भिंतीवर खिळा होता. खिळ्याला पिठाची चाळणी होती.

बाहेरून म्हातारी काळजीने म्हणाली, "एवढा धूर झाला आणि कुणालाच ठसका नाही? मग पोरीला दृष्टच लागलीय वं छाया. लई मोठी लागलीय."

ही विद्या तेजलला कुणी शिकवली? कुणी नाही! जशी हिने शोधली तशीच तिने शोधली. छायाने आपला हात पाहिला, त्या मानेवरचा, नसा तटतटलेला. हा मायचा हात आहे. आणि ती मान माझी आहे. तेव्हा सगळं परत आलं, खिळा, चाळणी, एकोणीस भोकं, उंबरा, मूठ. खंबीर कसली, मेले होते मी, तिला वाटलं. सात वर्षांची असताना मेले आणि लोकांनी शाबासकी दिली.

लाथेसरशी चुलीतली लाकडं उडाली, निखारे उधळले. छायाने पोरीला उचललं आणि अंगणात आणून उन्हात उभं केलं.

"श्वास घे. तेजल, श्वास घे."

पोर घेत नव्हती. ओठांची कड निळी पडू लागली.

"काही करणार नाही मी. रड. रड गं माझे माय, ओरड, शिव्या दे मला!"

पोर आईच्या डाव्या हाताकडे पाहत होती. त्या हाताची मूठ पुन्हा मिटलेली होती. छायाने ती उघडली. तिथे काही नव्हतं, नुसता घाम. तरीही पोर श्वास घेईना. तिला कोण सांगणार, की थांबायचं कधी? आईने कधी थांबून दाखवलं होतं?

आणि तेव्हा छायाची जीभ टाळूपासून सुटली.

आधी छातीत काहीतरी फाटलं. मग तोंड उघडलं. खोलीत इतका वेळ दाबून धरलेला धूर, बारा वर्षांची पथारी, सत्तावीस वर्षांची चूल, सगळं एकदम घशाशी आलं, आणि छायाला ठसका लागला. साधासुधा नव्हे! कमरेतून मोडली, गुडघ्यांवर आली, माती मुठीत धरून खोकली, ओकारी आली, लाळ गळली, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्या ठसक्यातूनच रडू फुटलं, कुरूप, मोठ्ठं, जनावरासारखं. रस्त्यापलीकडे देठ खुडणारे हात थांबले. "कोण खोकतंय?" मुकादमाने विचारलं. सखूबाई उठून उभी राहिली. "छाया," ती म्हणाली, आणि यावेळी कुणी हसलं नाही.

तेजल पाहत राहिली. आई खोकते! आई रडते! म्हणजे रडायला चालतं? पोरीचे ओठ थरथरले, सुटले. एक बारीक, चिरका श्वास आत गेला. मग ठसका आला. मग दुसरा. मग तिने जो टाहो फोडला तो पथारीभर गेला, त्या अग्निवर्ण, अथांग लालीवरून गेला, आणि बाभळीवरचे बगळे उडाले.

छायाने तिचे डोळे पुसायला हात पुढे केला. पोर दचकून मागे सरकली. डोळे गच्च मिटले. तेव्हा छायाने आपल्या हाताकडे पाहिलं. नखात मिरची, रेषांत मिरची, कोपरापर्यंत मिरची. या हाताने पुसायचं? ज्या हाताने आग लावली त्यानेच?

ती उठली. चुलीतली राख घेऊन हात घासू लागली. पोर समोर उभी राहून रडत होती आणि आई तिला शिवू शकत नव्हती. घासत होती, धूत होती, पुन्हा घासत होती. खरचटलेल्या नखांतून झणझण उठत होती. "ही चाळणीकडे बघत होती, माय," ती हुंदक्यातून म्हणाली. "ही चाळणीकडे बघत होती."

केवळबाई चाचपडत बाजेवरून उठली. रांजणाशेजारचं ताकाचं भांडं घेऊन आली. "हात पुढे कर," ती म्हणाली, आणि लेकीच्या हातांवर थंड, पांढरं ताक धारेने ओतू लागली. भांडं रिकामं झालं तरी वाकडं धरून उभी होती.

मग अगदी हळू म्हणाली, "तू पण बघायचीस."

एवढंच म्हणाली. छायाने वर पाहिलं नाही. क्षमा करण्याइतकं त्या दिवशी तिच्यात काही शिल्लक नव्हतं, आणि खोटी क्षमा तिला करायची नव्हती.

तिने ओले हात पदराला पुसले आणि जमिनीवर बसली. तळवे वर करून, उघडे, मांडीवर ठेवले. बोलावलं नाही. ओढलं नाही. ऊन उतरत होतं. पथारीवरची लाली तांबूस झाली, तांबूस काळवंडली. पोरीचा टाहो हुंदक्यांवर आला. ती एक पाऊल पुढे आली, थांबली. आणखी एक आली.

आईचा उजवा हात तिने दोन्ही हातांनी धरला, नाकाशी नेला आणि हुंगला. राखेचा वास. ताकाचा वास. पुन्हा हुंगला. बोटं एकेक करून हुंगली, नखं हुंगली, मनगट हुंगलं. छाया श्वास न रोखता बसून होती. मग तेजलने डोळे मिटले, तो हात आपल्या ओल्या गालावर ठेवला, आणि डावा हात हुंगायला घेतला.